फळांची जुनी चित्रे आणि त्यांवरची नावे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



पिवळट पडलेला जाड कागद. त्यावर मधोमध मिरीचा वेल किंवा फणसाची फांदी. शेजारी उभे चिरलेले फळ, त्यातली बी वेगळी काढून मांडलेली, आणि वर किंवा खाली बारीक वळणदार अक्षरांत लॅटिन नाव. अशी चित्रे आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलेली आहेत. हॉटेलात, दवाखान्याच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, झालेच तर चहाच्या डब्यावर. त्यांतली बहुतेक नव्याने छापलेल्या नकला असतात. पण मुळातली चित्रे दोनशे, तीनशे, कधी साडेचारशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथांतली आहेत. नभोवाणीवर चित्र दाखवता येत नाही, ही या विषयाची अडचण. पण फळे आपल्या ओळखीची आहेत, तेव्हा ती डोळ्यांपुढे आणणे तुम्हाला जड जाणार नाही. आज मला बोलायचे आहे ते या चित्रांविषयी, आणि त्यांच्यावर असलेल्या व नसलेल्या नावांविषयी.

मी कोरेगाव भीमाचा. पुणे-नगर रस्त्यावरचे हे गाव. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि त्या निमित्ताने ही चित्रे पाहायचा नाद लागला. लोक मला विचारतात, "गुरुजी, कांदा आणि ऊस पिकवणाऱ्या आपल्या गावाचा आणि असल्या विलायती चित्रांचा काय संबंध?" संबंध आहे. तो आमच्या या रस्त्याच्या दुसऱ्या टोकापासूनच सुरू होतो.

त्या टोकाला अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. सोळाव्या शतकात तिथे बुऱ्हाण निजामशहा राज्य करीत होता. गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य त्याच्या दरबारी जात-येत असे. तो निजामशहावर उपचारही करी. हा ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. पोर्तुगीजांकडून त्याने मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेतले होते, आणि मुंबईतल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ धरते, असे त्याने कौतुकाने लिहून ठेवले आहे. १५६३ मध्ये त्याचे पुस्तक गोव्यातच छापून निघाले. मिरी, दालचिनी, जायफळ, आंबा, फणस अशा जिनसांवरचे ते संवाद आहेत. त्या संवादांत अंतोनिया नावाची एक दासी आहे. मालकाने सांगितले की ती झाडपाला, फळे आणून पुढे ठेवते. एवढ्या विद्वान पुस्तकात तिचे नाव राहिले, हे मला नेहमीच विशेष वाटत आले आहे.

पण ओर्ताचे पुस्तक शब्दांचे. आता विचार करा, पोर्तुगालमधल्या वाचकाने फणस कधी पाहिलेलाच नाही. झाडाच्या खोडालाच माणसाच्या डोक्याहून मोठे काटेरी फळ लागते, हे नुसते वाचून त्याचा विश्वास बसावा कसा? चित्राची गरज पडली ती इथे. क्रिस्तोव्हाँव द कॉस्टा हा दुसरा वैद्य १५६८ मध्ये भारतात आला. त्याने स्पेनमधल्या बुर्गोसला १५७८ मध्ये पुस्तक काढले, आणि झाडे प्रत्यक्ष पाहून चितारली आहेत हे पुस्तकाच्या शीर्षकातच सांगून टाकले. पुढे यान व्हान लिन्स्कोटेन नावाचा हॉलंडचा तरुण गोव्यात पाच वर्षे राहिला. १५९६ च्या त्याच्या प्रवासग्रंथात नारळ, सुपारी, केळ, मिरी ही मंडळी चित्रांत उभी आहेत.

ही चित्रे छापत कशी, हे थोडे सांगतो. द कॉस्टाच्या वेळी लाकडी ठसे होते. हव्या त्या रेघा उभ्या ठेवायच्या, बाकीचे लाकूड कोरून काढायचे आणि उंच भागाला शाई लावून छापायचे. पुढे तांब्याचा पत्रा आला आणि रीत उलटी झाली. आपल्याकडे लग्नात द्यायच्या भांड्यांवर नाव घालून देणारा माणूस असतो ना, टोकदार हत्याराने तांब्या-पितळेवर अक्षरे कोरणारा, त्याच्याच जातीचे हे काम. पत्र्यावर रेघ खोल कोरायची. मग सगळ्या पत्र्यावर शाई फासून वरची शाई पुसून घ्यायची, म्हणजे ती फक्त खाचांत उरते. वर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून जोराने दाबून काढायचा. कागद खाचांतली शाई उचलतो. या दाबामुळे चित्राभोवती पत्र्याच्या कडेची एक बारीक खोलगट चौकट उमटते. जुने अस्सल पान ओळखायची ती एक खूण. रंग असलाच तर तो नंतर हाताने भरलेला असे.

यात एक गंमत आहे. पत्र्यावर जे कोरले जाते ते कागदावर उलटे उमटते. म्हणून कारागिराने चित्र आरशातल्यासारखे उलटे कोरायला हवे. तो चुकला तर उजवीकडे वळसे घेत चढणारा वेल कागदावर डावीकडे चढतो. आणि अक्षरे? तीही उलटीच कोरावी लागतात.

हे सांगायचे कारण म्हणजे यानंतरचा मोठा ग्रंथ. नाव 'होर्तुस मलाबारिकुस', म्हणजे मलबारची बाग. डच ईस्ट इंडिया कंपनीचा कोचीनमधला अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने तो तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. सुमारे साडेसातशे वनस्पती आणि तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली जवळजवळ आठशे चित्रे. हेतू अगदी व्यवहाराचा होता. कंपनीच्या माणसांसाठी औषधे दूर युरोपातून यायची. तीच इथल्या झाडपाल्यातून मिळाली तर खर्च वाचेल आणि औषध ताजे मिळेल. स्वतः ऱ्हेडेला सगळे खंड छापलेले पाहता आले नाहीत. १६९१ मध्ये सुरतेला जाताना तो समुद्रावरच वारला. सुरतेला त्याची कबर आहे.

या ग्रंथाचे पहिले झाड म्हणजे नारळ, कोकणी माणसाचा माड. आणि पहिल्या खंडाच्या आरंभी काही साक्षी-पत्रे छापली आहेत. एक आहे इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे. झाडांची माहिती मुख्यतः त्याच्याकडून मिळालेली. दुसरे आहे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांचे. ही कोचीनला स्थायिक झालेली कोकणी मंडळी. आपण दोन वर्षे या कामी खपलो, ग्रंथ पाहून झाडांची नावे व गुण सांगितले, अशा आशयाचे ते पत्र आहे. तारीख आहे २० एप्रिल १६७५. भाषा कोकणी आणि लिपी आपली नागरी!

म्हणजे पाहा, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला अजून वर्षही झाले नव्हते, तेव्हाचे हे हस्ताक्षर. ते अॅमस्टरडॅमला गेले, आणि तिथल्या कारागिराने, ज्याला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते, ते तांब्यावर उलटे कोरले. चित्रांवरही लॅटिनबरोबर मलयाळम, अरबी आणि नागरी लिपीत नावे घातलेली आढळतात. शहाणपण कुणाकडून घेतले ते लपवायचे नाही, उलट त्यांच्याच लिपीत छापायचे, हा ऱ्हेडेचा मोठेपणा. व्यापारी कंपनीचा अधिकारी असूनही त्याने तो दाखवला. चितारणाऱ्यांतही अंतोनी खुटकिंट आणि मार्सेलिस स्प्लिंटर यांची नावे प्रस्तावनेत आली आहेत.

नावांतून आणखी एक इतिहास निघतो. या ग्रंथात काजूचे नाव 'कापा-मावा' आणि अननसाचे 'कापा-चक्का' असे दिले आहे. मलयाळममध्ये 'कप्पल' म्हणजे जहाज. म्हणजे काजू हा जहाजावरून आलेला आंबा आणि अननस हा जहाजावरून आलेला फणस. मिरचीचेही तसेच, जहाजाची मिरी. ही तिन्ही झाडे मूळ अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी आणली आणि दीडशे वर्षांत इथली होऊन गेली. मराठीतही 'मिरची' हा शब्द 'मिरी'शी नाते सांगतो. आज आपल्या ठेच्याला मिरचीवाचून चालत नाही. पण जुनी चित्रे आणि त्यांवरची देशी नावे एकत्र वाचली की कोणते झाड पाहुणे आणि कोणते घरचे, हे कळू लागते. नाव कापून टाकले तर ही साक्षही गेली.

आता मलबारातून परत पुण्याकडे येऊ. कोरेगावहून पुण्याला जाऊन मुंबईच्या दिशेने थोडे पुढे गेले की मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळ दापोडी लागते. पेशव्यांच्या पलटणीवरचा इंग्रज अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा तिथे बंगला होता. पेशवाई गेली, आणि १८२८ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो सरकारसाठी घेतला. त्या आवारात सरकारी वनस्पती-उद्यान उभे राहिले. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटिश डॉक्टर त्याचे प्रमुख होते. पुढे ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. दापोडीला आणि जुन्नरकडच्या हिवऱ्याला त्यांनी औषधी झाडे लावली. त्या बागांतली औषधे सरकारी दवाखान्यांना जात.

या दापोडीच्या बागेत १८४७ ते १८५० या काळात एक चित्रकार झाडांची चित्रे काढीत बसत असे. छापील नव्हेत, हाताने रंगवलेली जलरंगातली चित्रे. त्यांतली दीडशेहून अधिक चित्रे आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलेली आहेत. हेन्री नॉल्टी या अभ्यासकाने २००२ मध्ये त्यांच्यावर सुंदर ग्रंथ काढला, आणि 'दापुरी चित्रे' म्हणून ती जगभर माहीत झाली. पुण्याजवळच्या या गावाचे नाव आज वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते अशा रीतीने.

चित्रकाराचे नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. तो पोर्तुगीज वळणाचा हिंदी माणूस होता, बहुधा गोव्याकडचा, एवढेच कळते. तीन वर्षे तो पाकळीन् पाकळी मोजत बसला असेल. गिब्सन यांचे नाव राहिले, बागेचे राहिले, झाडांची लॅटिन नावे राहिली. ज्याच्या बोटांतून ती चित्रे उतरली, तो मात्र निनावी.

'त्या काळी अशीच पद्धत होती' असे कुणी म्हणेल. पण ते तितकेसे खरे नाही. त्याच काळात मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट हे वनस्पतिशास्त्रज्ञ काम करीत होते. रंगय्या आणि गोविंदू हे त्यांचे चित्रकार. वाइट यांनी दोघांची नावे छापली. एवढेच नव्हे, तर एका ऑर्किडच्या प्रजातीला गोविंदूचे नावही दिले. नाव लिहायला जागा लागते ती चार अक्षरांची. लिहिणाऱ्याच्या मनात असले की झाले.

आमच्या भागात नावाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. कोरेगावहून नदी ओलांडली की पेरणे गावच्या हद्दीत विजयस्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावे त्या दगडावर कोरलेली आहेत. ती साध्या शिपायांची नावे आहेत, त्यांतली कितीतरी 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. आज दर वर्षी लाखो माणसे येतात. मी लहानपणापासून पाहत आलो आहे. लांबून आलेली माणसे दगडाजवळ जातात आणि नावे वाचतात, आपल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवतात. त्या स्तंभावर नुसते 'काही शिपाई पडले' एवढेच कोरले असते, तर ही माणसे कुणाला शोधायला आली असती?

फळांच्या चित्राकडे मी याच नजरेने पाहतो. आणि म्हणून एका गोष्टीचे वाईट वाटते. जुन्या ग्रंथांतली पाने कापून एकेक विकण्याचा धंदा जगभर चालतो. पूर्ण ग्रंथ घेणारे गिऱ्हाईक विरळा, पण फणसाचे एक पान, जायफळाचे एक पान चौकटीत घालून दिवाणखान्यात लावायला पुष्कळांना हवे असते. शंभर पाने शंभर घरांत जातात. उरलेल्या पानांचे काय होते? रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट यांच्या सहीचे पान कुणी भिंतीवर लावत नाही. त्यावर फळ नाही ना! चित्र राहते आणि साक्षीदार कागदाच्या रद्दीत जातात.

चित्र घरात लावू नका, असे मी म्हणत नाही. हौस चांगली आहे. पण सुट्या पानापेक्षा चांगली छापील नकल घ्यावी, ती स्वस्तही पडते. आणि चित्रामागे ग्रंथाचे नाव, वर्ष आणि झाडाचे आपल्या भाषेतले नाव लिहून ठेवावे. संपूर्ण 'होर्तुस मलाबारिकुस' आज इंटरनेटवर 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'च्या संग्रहात फुकट पाहायला मिळतो. केरळचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षे घालून त्याचे लॅटिनमधून इंग्रजी भाषांतर केले. ते २००३ मध्ये आले, मलयाळम २००८ मध्ये. मणिलाल सर २०२५ च्या पहिल्याच दिवशी गेले. मराठीत हा ग्रंथ यावा असे मला फार वाटते. ज्या ग्रंथाच्या आरंभी नागरी लिपीतले पत्र आहे, तो नागरी लिपीत वाचता यावा, एवढीच इच्छा.

पण यापेक्षा जवळचे एक काम आपल्या प्रत्येकाच्या गावात पडून आहे. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. गावात कोणती झाडे, कोणती पिके, कोणत्या रानभाज्या, त्यांचा उपयोग काय, हे सगळे त्यात यायचे. म्हणजे गावोगावचा 'होर्तुस' म्हणा ना! राष्ट्रीय हरित लवादाने या कामाला ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती. मुदतीच्या धाकाने काम पुढे सरकते हे खरे, पण कागद भरण्याच्या घाईत बांधावरच्या माणसाला विचारायचे राहून जाऊ शकते. या नोंदवहीत माहिती देणाऱ्या जाणकारांची नावे लिहायला जागा आहे. ती जागा कोरी राहिली, तर पुढे एखाद्या झाडापासून औषध निघाले, कंपनीला फायदा झाला आणि कायद्याप्रमाणे गावाचा वाटा मागायची वेळ आली, तर आपण कुणाचे नाव पुढे करणार?

आणि जाणकार म्हणजे कुणी जडीबुटीवालाच असतो असे नाही. खुरपायला जाणाऱ्या बायका पाथरी, घोळ, चिवळ, तांदुळजा नुसत्या पानावरून ओळखतात. कोणती कधी खुडायची आणि कोणती बाळंतिणीला द्यायची नाही, हे त्यांना विचारावे. गावरान आंब्यांची नावे घ्या. शेपूचा वास येणारा तो शेप्या, खोबऱ्याच्या चवीचा खोबऱ्या, शेंदरी सालीचा शेंदऱ्या. ही नावे ठेवणारी माणसेही निनावीच गेली. त्यांच्या झाडांपैकी काही रस्तारुंदीत गेली, काही बांधाच्या वाटणीत. झाड गेले तरी नाव आठवणारी म्हातारी माणसे अजून आहेत. पण किती दिवस?

माझ्याकडे शाळेची मुले प्रकल्पासाठी येतात. मी त्यांना एवढेच करायला सांगतो. एका झाडाचे चित्र काढा. कॅमेऱ्याने फोटो काढलात तरी चालेल, पण हाताने काढाल तर पान समोरासमोर येते की एकाआड एक, हे नीट पाहावे लागेल. फळ चिरून बी दाखवा. मग खाली तीन नावे लिहा. झाडाचे आपल्या गावातले नाव, चित्र काढणाऱ्याचे नाव, आणि ज्याने झाडाची माहिती सांगितली त्याचे नाव. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने पाथरीचे चित्र आणले. तिसऱ्या ओळीत तिने नुसते 'आजी' असे लिहिले होते. मी म्हटले, "बाळ, आजीला नाव आहे की." ती घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण नाव लिहून आली. आजीचे माहेरचे आडनावसुद्धा तिने कंसात घातले होते.